मूर्तिजापूर नीट उमटेपर्यंत

अमरावतीहून अकोल्याला निघालं की वाटेत मूर्तिजापूर लागतं. एसटीच्या पाटीवर रंगाऱ्याने ते नाव कित्येक वर्षं बिनबोभाट रंगवलं. संगणकाला मात्र ते लिहिताना घाम फुटतो. गंमत नाही, खरंच.

संगणकाच्या पोटात हा शब्द आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवलेला असतो. म, दीर्घ उकार, र, हलन्त, त, वेलांटी, आणि मग जापूर. पडद्यावर दाखवताना सगळी उलथापालथ करावी लागते. त च्या आधी आलेला र त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि सगळ्यांत शेवटी आलेली वेलांटी उडी मारून त च्या डावीकडे जाते. इंग्रजीत असलं काही नाही. एक अक्षर घ्या, छापा, पुढचं घ्या, छापा. संपलं. मराठीसाठी हा जुळवाजुळवीचा उद्योग कुणीतरी करावा लागतो, आणि विंडोजमध्ये तो विंडोज २००० पासून युनिस्क्राइब नावाचा एक भाग करतो. त्याच्याबरोबर मंगल हा फाँटही आला, र. कृ. जोशींनी रेखाटलेला. आज आपण जालावर मराठी वाचतो-लिहितो त्याच्या पायात ही दोन माणसं-यंत्रं आहेत म्हणा ना!

तर मुद्दा असा, की विंडोजला मराठी येत होतं. पण मी ज्यात प्रोग्राम लिहायचो त्या व्हिज्युअल बेसिक ६ ला येत नव्हतं. आणि मला या दोघांच्या मधून वाट काढायची होती.

घरच्या मंडळींपैकी बरेच जण विचारतात, "तू नेमकं करतो काय रे?" त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो. आपण लिहिलेला प्रोग्राम स्वतः फारसं काही करत नाही. पडद्यावर चौकट उघडायची, कागदावर ओळ छापायची, फाइल वाचायची, ही सगळी कामं विंडोजच करते. प्रोग्राम फक्त तिला सांगतो. ज्या ठराविक नावांनी हे सांगायचं असतं ती विंडोजची फंक्शनं, हजारोंनी आहेत, आणि त्यांना मिळून एपीआय म्हणतात. व्हीबीसारखी भाषा मधल्या अडत्याचं काम करते. शेतकऱ्याने माल आणून टाकायचा, खरेदीदाराशी बोलणं, लिलाव, तोलाई सगळं अडत्या पाहतो. सोयीचं आहेच ते. नव्वद टक्के वेळा तुम्हाला खरेदीदाराचं तोंडही पाहावं लागत नाही. पण अडत्यालाच तुमच्या मालाची जात ओळखता येत नसेल, तर एक दिवस त्याला ओलांडून थेट बोलावं लागतं.

व्हीबीत त्याची सोय होती. डिक्लेअर या शब्दाने सुरू होणारी एक ओळ लिहायची: अमुक नावाचं फंक्शन, युझर३२ नाहीतर जीडीआय३२ या फाइलीत आहे, त्याला अमुक इतक्या गोष्टी या क्रमाने द्यायच्या आणि ते असं उत्तर देतं. तेवढं लिहिलं की ते फंक्शन आपल्याच घरचं असल्यासारखं हाक मारायला मोकळे.

मात्र इथे लाड नाहीत. व्हीबीत स्वतःत काही चुकलं तर ती थांबते, पिवळी ओळ दाखवते, काय चुकलं ते सांगते. थेट विंडोजला हाक मारताना एखाद्या ठिकाणी बायव्हॅल हा शब्द राहिला, तर आकड्याऐवजी आकडा ठेवलेल्या जागेचा पत्ता जातो, आणि समोरचं फंक्शन तो पत्ताच आकडा समजून कामाला लागतं. मग पडद्यावरून सगळंच गायब. तुमचा प्रोग्रामही आणि ज्यात तो लिहीत होता ते व्हीबीही, सेव्ह न केलेल्या सगळ्या कामासकट. त्यामुळे त्या काळचा पहिला नियम होता: आधी सेव्ह, मग रन. डॅन ॲपलमन यांचं विन३२ एपीआयवरचं जाडजूड पुस्तक ज्याच्या टेबलावर असायचं त्याच्याकडे आम्ही आदराने पाहायचो.

आता अकोल्याकडे येतो.

तिथल्या एका अडत दुकानासाठी २००५ च्या सुमाराला काटापट्टी आणि हिशेबपट्टीचा प्रोग्राम लिहीत होतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम. आकड्यांचं काम एका आठवड्यात उरकलं. पण दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काकाजी म्हणायचे, त्यांची एकच अट होती: कास्तकाराचं नाव आणि गाव मराठीतच छापलं पाहिजे. नावं ॲक्सेसच्या टेबलात मराठीतून भरून ठेवली होती. तिथे उघडून पाहिली तर अगदी बरोबर. माझ्या फॉर्मवर आली की नुसती प्रश्नचिन्हं. जितकी अक्षरं तितकी प्रश्नचिन्हं.

काकाजी चष्मा वर करून म्हणाले, "हे तं निस्ते कान दिसून रायले भाऊ. नाव कुठी गेलं?"

मला त्यानंतर आजतागायत प्रश्नचिन्ह कानासारखंच दिसतं. :)

नाव कुठेही गेलेलं नव्हतं, आणि हीच त्यातली मजेची गोष्ट. व्हीबीच्या पोटात प्रत्येक मजकूर युनिकोडमध्येच असतो, म्हणजे मराठी अक्षरं तिथपर्यंत सुखरूप पोचलेली असतात. पण ही आवृत्ती १९९८ ची. तिला विंडोज ९५ आणि ९८ वरही चालायचं होतं, आणि तिथे बहुतेक फंक्शनं जुन्या पद्धतीचीच होती. म्हणून विंडोजच्या दारात गेल्यावर ती मजकुराची एक नक्कल काढते, एका अक्षराला एक बाइट अशा जुन्या कोडपेजात बसवते आणि मग ती नक्कल पुढे देते. ग्रीकला असं कोडपेज आहे, रशियनला आहे, अरबीला आहे, थाईला आहे. देवनागरी विंडोजमध्ये आली तोवर युनिकोडचं युग लागलं होतं, त्यामुळे तिच्यासाठी असं कोडपेज कधी झालंच नाही. बसायला जागाच नाही म्हटल्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी एक कान.

बहुतेकांनी यावर सोपा उपाय काढला होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढलेला फाँट वापरायचा. दिसायला मराठी, आतून इंग्रजी अक्षरांची खिचडी. झेरॉक्सच्या दुकानांपासून साप्ताहिकांपर्यंत सगळा विदर्भ (आणि उरलेला महाराष्ट्रही) त्यावर चालायचा, आणि छापण्यापुरतं ते उत्तमच होतं. पण तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर, त्या फाँटाविना उघडला की अगम्य लिपी! नावं अकारविल्हे लावता येत नाहीत, शोधता येत नाहीत. काकाजींच्या यादीत दीड-दोन हजार नावं होती. ती असल्या सोंगात भरून ठेवायला माझं मन घेईना. पुढे ज्याला ती वाचायची वेळ येईल त्याने काय करायचं?

म्हणून थेट हाक मारायची ठरवली.

विंडोजमध्ये मजकुराशी संबंध असलेलं जवळजवळ प्रत्येक फंक्शन जोडीने असतं. मेसेजबॉक्स नावाचं फंक्शन खरं म्हणजे त्या फाइलीत नाहीच. एक आहे मेसेजबॉक्सए आणि दुसरं मेसेजबॉक्सडब्ल्यू. ए जुन्या कोडपेजवालं, डब्ल्यू युनिकोडवालं. व्हीबीसोबत तयार डिक्लेअर ओळींची जी यादी मिळायची तिच्यात सगळी ए घराण्यातली. डब्ल्यूची ओळ हाताने लिहायची आणि एक युक्ती करायची: मजकूर हा मजकूर म्हणून द्यायचाच नाही. दिला की व्हीबी नक्कल काढायला धावणार. त्याऐवजी स्ट्रपीटीआर नावाचं एक फंक्शन होतं (कागदोपत्री त्याचा उल्लेख नव्हता), ते मजकुराचा मेमरीतला पत्ता द्यायचं. तो पत्ता साधा आकडा म्हणून पाठवायचा. अडत्याला वाटतं आकडा चाललाय, आणि आकड्यांना तो हात लावत नाही. पलीकडे विंडोज त्या पत्त्यावर जाऊन मूळ मजकूर वाचते.

पहिल्यांदा चौकट उघडली आणि तीत ‘मूर्तिजापूर’ आलं, रफारासकट, वेलांटीसकट, तो क्षण काय सांगू... घरात कुणाला दाखवावं तर सगळे म्हणाले, "बरं मग? मूर्तिजापूरच लिहिलंय ना?"

माझ्या यंत्रावर झालं. अकोल्याच्या दुकानातल्या यंत्रावर नाही. तिथे एक्सपी होतं, आणि एक्सपीत ही जुळवाजुळव मुळात बंद असायची. भाषांच्या सेटिंगमध्ये जटिल लिप्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषा अशी एक खूण होती, थाईसकट सगळे एकाच टोपलीत. ती केली की यंत्र एक्सपीची सीडी मागायचं. खूण नसली की र वेगळा, त्याचा पाय मोडलेला, त वेगळा, वेलांटी भलत्याच बाजूला. प्रश्नचिन्हांपेक्षा हे बरं, पण कास्तकाराच्या हातात देण्याजोगं नाही. मग सीडी पिशवीत घालून एसटीने अकोला. (याच अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस विक्रम झाला. तेव्हाच्या खड्ड्यांत सीडी शाबूत राहिली हाही विक्रमच होता.) व्हिस्टापासून ही खूण गेली, सोय आपोआप असते. आता कुणाला ती आठवतही नसेल.

फॉर्मवर नाव दाखवायला मी पिक्चरबॉक्सची पाटी केली. व्हीबीच्या डब्यांना मराठी येत नाही ना, मग कोरी पाटी घ्यायची आणि टेक्स्टआउटडब्ल्यूने तिच्यावर स्वतः लिहायचं. छपाईलाही तेच फंक्शन, फक्त पाटीच्या जागी प्रिंटर. त्यात एक खोच होती. प्रिंटरवर आधी व्हीबीकडून निदान एक रिकामी ओळ छापून घ्यावी लागते, नाहीतर पान सुरूच झालेलं नसतं आणि आपलं लिहिणं हवेत जातं. शिवाय फाँट विंडोजकडून मागून घ्यायचा, वापरायचा, जुना जागेवर ठेवायचा आणि आपला परत करायचा. व्हीबी हे आवरणं स्वतः करते, थेट व्यवहारात उसनवारी ज्याची त्याने फेडायची. एका प्रोग्रामला अशा दहा हजार वस्तूंचीच मुभा असते. पट्टीमागे दोन फाँट परत करायचे राहिले, तर तुरीच्या ऐन हंगामात भर दुपारी पडदा अर्धवट रंगून बसणार. हे काकाजींना कसं समजावून सांगणार? त्यापेक्षा परत केलेलं बरं.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर इंग्रजी खडखडत धडाधड छापायचा. मराठी नाव आलं की चित्र छापत असल्यासारखा हळू, चिरक्या आवाजात. आवाजावरून कळायचं की नाव आलं.

व्हीबी ६ चा आधार २००८ मध्ये संपला, पण त्यात केलेले प्रोग्राम अजून चालतात. तो प्रोग्रामही बरीच वर्षं चालला. २०१० च्या ऑफिसपासून ६४ बिटांची भानगड आली. पत्ता ठेवायला लाँग पुरेना, डिक्लेअरच्या पुढे पीटीआरसेफ लिहावं लागायला लागलं. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्या माझ्या भाच्याला तो शब्द मंत्रासारखा वाटतो, सगळीकडे चिकटवतो आणि आत लाँग तसाच ठेवतो! विंडोज १० च्या २०१९ मधल्या एका आवृत्तीपासून तर ए घराण्यालाही यूटीएफ-८ मधून मराठी देता येतं. प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये एक ओळ घातली की झालं. वीस वर्षांनी का होईना, जागा मिळाली म्हणायची.

एक गुंता मात्र या कशाने सुटणारा नव्हता. ‘कुऱ्हा’ या गावाच्या नावात जो र आहे, वऱ्हाड शब्दातलाच, तो युनिकोडात लिहायच्या तीन तऱ्हा. ऱ हे स्वतंत्र अक्षर, किंवा र खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना तिन्ही सारख्याच. यंत्राला तीन वेगळी गावं. व्हिस्टापासून नॉर्मलाइझस्ट्रिंग नावाचं फंक्शन आलं, त्याने पहिल्या दोन एक होतात. अदृश्य जोडखुणेला ते हात लावत नाही, तिच्यासाठी एक बदलाबदलीची ओळ आपणच लिहायची. ती लिहिली आणि यादी काढली, तरी कुऱ्हा दोनदा. अक्षर न् अक्षर तेच, बाइटसुद्धा तेच, फक्त क्रमांक दोन.

एक काढून टाकण्याआधी काकाजींना फोन केला.

"दोन हायेतच ना भाऊ," ते म्हणाले. "एक आपल्या तिवश्याकळचं, एक तिकळे मुक्ताईनगराकळचं. राहू दे दोन्ही."