मी त्यांना भिंतच दिली

परदेशातून गावांत सेवा करायला येणाऱ्या मुलामुलींबद्दल माझं मत फार लवकर बनलं आणि पुढे कित्येक वर्षं मी ते तपासून पाहिलं नाही. ही मुलं स्वतःच्या समाधानासाठी येतात, चार-सहा आठवडे आपली गरिबी बघतात, शाळेतल्या पोरांना कडेवर घेऊन फोटो काढतात आणि घरी जाऊन आपण आतून कसे बदललो ते सांगत फिरतात, असं मी ठामपणे म्हणायची. त्यात काहीच तथ्य नव्हतं असं आजही म्हणणार नाही. या मुलांकडून भलीमोठी फी घेऊन त्यांना गरीब देशांत पाठवणाऱ्या कंपन्या जगभर आहेत, आणि त्या फीतलं गावापर्यंत काय पोचतं हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो. पण त्या मताच्या आडोशाला मी स्वतःचं बरंच काही झाकून ठेवलं होतं. ते आता सांगून टाकायचं आहे.

मी वर्ध्यात इंग्रजी शिकवायची. त्यामुळे एका संस्थेने असे गट आले की त्यांच्याबरोबर गावांत जायचं काम माझ्याकडे दिलं. भाषा सांभाळायची, जेवणखाण बघायचं आणि मुख्य म्हणजे त्यांना काम नेमून द्यायचं. कधी हिवाळ्यात गट यायचे, कधी युरोपातल्या उन्हाळी सुटीत, म्हणजे आपल्या भर पावसाळ्यात. देवळी तालुक्यातल्या एका गावात शाळेची एक लांब भिंत होती. मी त्यांना ती भिंत द्यायची. ती रंगवायला कौशल्य लागत नव्हतं, कुणाला इजा व्हायची भीती नव्हती आणि फोटोही छान यायचे. पाऊस रंग धुऊन न्यायचा आणि पुढचा गट तीच भिंत पुन्हा रंगवायचा. गावातल्या कुणालाही मी कधी विचारलं नाही की ही भिंत रंगवायची आहे का. आलेल्या मुलांनाही कधी विचारलं नाही की तुम्हाला काय येतं. त्यांना काही येत नाही हे मी आधीच ठरवलं होतं, म्हणून निरर्थक काम दिलं. आणि ती निरर्थक काम करतात, हाच पुढे त्यांच्याविरुद्धचा माझा पुरावा झाला. हा अप्रामाणिकपणा होता. त्याला दुसरं नाव देता येत नाही.

याच मुलांना मी रविवारी सेवाग्रामला न्यायची. आश्रमात शिरलं की माझा आवाज बदलायचा. १९३६ साली गांधीजी इथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबहनने स्वतःसाठी उभारलेली झोपडी होती. मातीच्या भिंतीवरचे उठावातले मोर आणि ताडाची झाडं तिच्याच हातची. हे सगळं मी भारावून सांगायची. मीराबहन म्हणजे मॅडलिन स्लेड, ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. परदेशातून भारतातल्या खेड्यात सेवा करायला आलेली तरुण बाई. माझ्यासमोर उभ्या असलेल्या घामेजलेल्या मुली आणि त्या भिंतीवरचे मोर यांत काही नातं असेल, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. मेलेले परदेशी मला वंदनीय होते, जिवंत नकोसे वाटत होते.

एका वर्षी पाऊस लागून राहिला होता. शाळेची भिंत ओली गच्च, रंग धरेना. गटातली बाकीची मुलं ठरल्या तारखेला परतली, पण एक फ्रेंच मुलगी आणखी काही महिने राहणार होती. तिला काय काम द्यावं या विचारात मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. ज्यांच्या घरी आमच्या गटाचा स्वयंपाक व्हायचा त्या मावशी खुरपं घेऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इले माह्यासंगं वावरात धाडा. निंदाले बाया भेटून नाई रायल्या."

मी म्हटलं, "तिला काही येत नाही हो, मावशी."

"येत नाई म्हनता, तं कोनं शिकवलं का तिले?"

मला उत्तर सुचलं नाही. मीही त्यांच्याबरोबर वावरात गेले, मदत करायला नाही, ती मुलगी काय नासाडी करते ते बघायला.

मावशींचं वावर अडीच एकराचं. पऱ्हाटी गुडघ्याच्या खाली होती आणि डवरणी होऊनही दोन झाडांच्या मधलं तण तसंच राहिलं होतं. बायांनी आपापली पात धरली. काळ्या मातीचा चिखल पायाला असा चिकटत होता की दर चार पावलांनी तो खुरप्याने खरवडावा लागे. त्या मुलीने पहिल्याच तासाला कपाशीची दोन-तीन झाडं तणासकट उपटली. मावशींनी तिचा हात धरला, दोन पानं तिच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली आणि नव्याने कामाला आलेल्या कुठल्याही पोरीवर ओरडाव्यात तशा ओरडल्या. मग केना दाखवला, लव्हाळा दाखवला, त्याची गाठ मुळापासून काढली नाही तर आठवड्यात तो परत कसा येतो ते दाखवलं. तरोटा वेगळा काढून पदरात टाकला, तो भाजीला. यातल्या एकाही गोष्टीसाठी माझी गरज लागली नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या हातचं जेवले होते, आणि ही बाई शिकवते किती छान, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी धुऱ्यावरच्या बाभळीखाली शिदोऱ्या सुटल्या. भाकरी, ठेचा, कालची भाजी. मावशी मला म्हणाल्या, "इचारा ना तिले, बापाले वावर हाये का?"

मी हसले. मला तो प्रश्न भाबडा वाटला. विमानाने आलेल्या फ्रेंच मुलीला वावर आहे का विचारायचं! तरी विचारलं. ती म्हणाली, आहे. आमच्याकडे गाई आहेत. वडील दूध विकतात.

"भाव काय भेटते?"

भाव परवडत नाही. गाईला खाऊ घालायचा खर्च निघत नाही.

"मंग कर्ज असन."

आहे. गोठ्यासाठी आणि दूध काढायच्या यंत्रासाठी बँकेचं काढलं होतं. ते फिटत नाही. वडील आता घरात बोलत नाहीत.

बाया खायच्या थांबल्या होत्या. ती मुलगी पुढे आपणहून बोलत राहिली आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत राहिले. त्यांच्या गावाजवळच्या एका शेतकऱ्याने आत्महत्या केली होती. तो तिच्या वडिलांचा मित्र. त्यानंतर आपल्या वडिलांकडे बघायची तिला भीती वाटायला लागली. विदर्भातल्या शेतकऱ्यांबद्दल तिने कुठेतरी वाचलं होतं. कर्जाखाली दबलेल्या घरातली माणसं मागे राहिल्यावर कशी जगतात, एकमेकांशी काय बोलतात, हे तिला बघायचं होतं. म्हणून ती इथे आली होती. इथे आल्यावर तिला मी भिंत दिली.

मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. त्यांनी स्वतःचं सांगायला सुरुवात केली. कृषी केंद्रातून उधारीवर आणलेलं बियाणं, दुबार पेरणी, सावकाराकडे ठेवलेलं डोरलं, नवऱ्याला रात्री एकट्याला वावरात जाऊ न देण्याचा त्यांनी केलेला पण. मोठ्या पोराला त्याच्यावर नजर ठेवायला कसं बसवलं ते. मी हे सगळं फ्रेंच मुलीसाठी इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगता मला कळत होतं की हे मीही पहिल्यांदाच ऐकते आहे. इतक्या वर्षांत मावशींनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगतील कशा? मी त्यांना किती माणसांचा स्वयंपाक करायचा याखेरीज काही विचारलंच नव्हतं.

त्या दुपारी मी काय पाहिलं, ते मला नीट मांडायचं आहे. ती मुलगी स्वतःसाठी आली होती. म्हणजे माझा आरोप शब्दशः खरा होता. पण त्यात वाईट काय होतं, हे मला सांगता येईना. तिला काहीतरी हवं होतं आणि ते या बायांजवळ होतं. बायांना एक अशी पोरगी मिळाली होती जिच्यापुढे कर्जाबद्दल बोलताना लाज वाटत नव्हती, कारण तीही त्यातच वाढली होती. ती आणि या बाया यांच्या मधे इतके दिवस मी उभी होते. तुम्ही सुखी, हे दुःखी. तुम्ही देणारे, हे घेणारे. अशी वाटणी त्यांच्यापैकी कुणी केली नव्हती, ती मी केली होती. परदेशी मुलं आपल्या गरिबीचं प्रदर्शन मांडतात म्हणून मी चिडायची. प्रदर्शनाची मांडणी तर माझीच होती. फ्रान्समध्येही शेतकरी आत्महत्या करतात, तिथेही हा मोठा प्रश्न आहे, हे मी नंतर वाचलं. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यात राहून, वर्तमानपत्रं वाचून, इंग्रजी शिकवून मला ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी मावशींनी हिशेब केला. मुलीचं काम इतरांच्या निम्मं झालं होतं, म्हणून तिला निम्मी मजुरी. ती घेईना. मावशी रागावल्या. "फुकटाची मजुरी आमच्या वावरात नाई चालत. आज थे फुकट करन, उद्या दुसरा वावरवाला म्हनन, परदेशी पोट्टी फुकट करते, तं तुमाले काहून पैसे देऊ?" स्वयंसेवेबद्दलचा इतका नेमका आक्षेप मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. शेवटी सावडीवर तडजोड झाली: आज ही त्यांच्या वावरात, उद्या मावशी तिच्या कामाला. तिचं काम म्हणजे शेजारच्या गोठ्यातल्या गाईच्या सुजलेल्या सडाला शेक देणं. ते तिला चांगलं येत होतं.

पुढे मी मीराबहनचं आयुष्य नव्याने वाचलं. उत्साहाच्या भरात तिने भारताच्या बोटीचं तिकीट काढलं होतं. मग आपली तयारी नाही हे तिचं तिलाच जाणवलं आणि तिने निघणं वर्षभर पुढे ढकललं. त्या वर्षात ती सूत कातायला शिकली, जमिनीवर बसायची-झोपायची सवय केली, उर्दूचे धडे घेतले, शरीर कष्टाला सरावावं म्हणून स्वित्झर्लंडमधल्या शेतकऱ्यांबरोबर शेतात राबली. मग १९२५ च्या नोव्हेंबरात ती साबरमतीला पोचली. वर्ध्याला आल्यावर तिने तिथून पायी जाण्याच्या अंतरावरच्या सिंदीत रस्त्यावरची घाण उपसली. हे मी आधीही वाचलं होतं, पण थोर बाईच्या चरित्रातले प्रसंग म्हणून. आता वाचताना दिसलं की ती आधी शिकली, मगच हातात झाडू घेतला. पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन तर इथे भारतानंद झाले. त्यांनी सूत कातायची धनुष तकली घडवली, औंध संस्थानातल्या ग्रामराज्याच्या प्रयोगात भाग घेतला आणि म्हातारपणी मुंबईत निसर्गदत्त महाराजांचं मराठी बोलणं इंग्रजीत नेऊन १९७३ साली जगापुढे ठेवलं.

मला सर्वांत जास्त टोचली ती मात्र आनंदवनाची गोष्ट. वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे आमच्या हिंगणघाटचे. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे निरनिराळ्या देशांतले तरुण सेवाग्राममध्ये काम करत होते. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं व्हर्दूनजवळचं एक गाव पुन्हा उभारायला १९२० मध्ये पिएर सेरेसोल यांनी ही चळवळ सुरू केली होती. १९३४ च्या भूकंपानंतर ते स्वतः बिहारमध्येही आले होते. त्यांचे हे तरुण आनंदवनात गेले, राहिले आणि कुष्ठरोग्यांच्या बरोबरीने दवाखान्याचं बांधकाम केलं. तोवर वरोऱ्याची माणसं आनंदवनाकडे फिरकत नव्हती, तिथली भाजी विकत घेत नव्हती. ही गोरी मुलं तिथलं खातात, तिथे राबतात हे बघून हळूहळू त्यांची भीती गेली. म्हणजे त्या मुलांनी चार भिंती तर बांधल्याच, पण शेजाऱ्यांनी करायला हवं होतं आणि केलं नाही, तेही केलं. आपल्या गावात परक्यांची गरज काय, असं मी तावातावाने विचारायची. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठसेवा चालवली होती, म्हणजे आपली माणसं नव्हतीच असं नाही. पण बाकीचे आपण कुठे होतो?

आणि वर्गात मी द्वारकानाथ कोटणीस शिकवायची. सप्टेंबर १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींच्या सेवेसाठी चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते आणि आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. ते स्वतःच्या समाधानासाठी गेले का, हा प्रश्न मी कधीही कुणाला घातला नाही. आपला माणूस गेला की त्याग आणि त्यांचा आला की हौस, हे मोजमाप मी इतकी वर्षं सहज वापरलं.

आता गट यायचा असला की मी आधी गावातल्या बायांना बोलावते. त्या बऱ्याचदा नाही म्हणतात. वेचणीच्या दिवसांत पाहुणे सांभाळायला वेळ नसतो, आणि सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झाल्याशिवाय नवख्या हाताने कपाशीला हात लावायचा नाही असं त्या बजावतात. त्यामुळे गट कमी झाले आणि संस्थेत माझ्यावर थोडी नाराजीही आहे. भिंत बरीच वर्षं कुणी रंगवलेली नाही. पोरं तिच्यावर कोळशाने पाढे लिहितात. या आठवड्यात एका गटाच्या पत्राला उत्तर पाठवायचं आहे. मावशींनी त्यात तीन प्रश्न घालायला सांगितले आहेत: घरी शेती आहे का, किती महिने राहणार, आणि मजुरी घेणार की सावड करणार.