बाटलीतला ओळखीचा वास

नाताळच्या सुटीत आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीला मामाकडे जातो. जांबोटी, कणकुंबी, मग घाट उतरून केरी. वाळवंटी नदी दिसली की मुलांची 'आलं का?' थांबते. मामाच्या घरी दारूचा थेंब चालत नाही. पण शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून दर नाताळाला नेवऱ्या-दोदोलाचं ताट येतं आणि यंदा त्यासोबत पोर्ट वाइनची बाटलीही आली. परत कशी पाठवणार?

मामी सौ.ला म्हणाली, "मातशी चाखून पळय गो." सौ.ने स्टीलच्या पेल्यात दोन चमचे ओतून घेतली, नाकाजवळ नेली आणि तशीच थांबली. मग मला म्हणाली, "री, इदु नम्म तोटद द्राक्षी वासने!"

तिचं माहेर देवनहळ्ळीजवळचं. वडिलांचा दोन एकरांचा मळा होता, बेंगलोर ब्ल्यू द्राक्षाचा. 2008 मध्ये तिथला विमानतळ सुरू झाला, आसपासच्या जमिनींना भाव आला आणि मळ्याचे प्लॉट पडले. तेव्हापासून ही द्राक्षं ती बाजारातून आणत नाही. मला तो हट्ट वाटायचा.

मीही घोट घेतला. गोड, दाट, घशाला जराशी ऊब, आणि लहानपणीच्या द्राक्षाच्या गोळीसारखा वास. बाटलीवर द्राक्षाचं नाव नव्हतं, म्हणून बेळगावला परतल्यावर वाचत बसलो. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या डोरु नदीच्या खोऱ्यातली. रस आंबत असतानाच द्राक्षाची ब्रँडी घालून आंबणं थांबवतात, म्हणून गोडी उरते. गोव्याने नाव आणि गोडी उचलली. द्राक्षं मात्र घाटावरून येतात, आणि त्यांत बेंगलोर ब्ल्यू जुनी.

गंमत म्हणजे हे द्राक्ष मुळात बेंगळूरचंही नव्हे! ते अमेरिकेतलं 'इझाबेला'. 1816 च्या सुमारास तिथल्या एका रोपवाटिकेवाल्याने इझाबेला गिब्ज या बाईंच्या नावावरून त्याला हे नाव दिलं. त्यात अमेरिकेच्या रानवेलीचा अंश आहे आणि तो वास तिचाच. युरोपातल्या जाणकारांना तो खपत नाही, तिथे अशा वाइनवर निर्बंधही आहेत. पण पोर्तुगालच्याच अझोर्स बेटांवर लोक याच द्राक्षाची वाइन करतात आणि तिला चक्क 'वासाची वाइन' म्हणतात. आपल्याकडे 2013 साली बेंगलोर ब्ल्यूला भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर सासऱ्यांच्या मळ्यावर घरं उभी राहिली होती.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी साखळीहूनच सौ.ने वडिलांना फोन लावला. वाइनचं नाव काढल्यावर ते रागावतील, अशी मला धास्ती होती. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "केजिगे एष्टु कोट्टरंते?" किलोला काय दर दिला म्हणे?

सौ.ने मामीकडे पाहिलं. मामीने कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली.