शून्य क्रेडिटचे गणित

बंगळुरास बदलून आलेल्या मराठी माणसाच्या बिऱ्हाडी गावाकडचा एखादा विद्यार्थी असावयाचाच. आमच्याकडे सौ.चा धाकटा भाऊ होता. बेळगावास पदविका पुरी करून २०१९ साली तो येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षास दाखल झाला. ज्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची पदवी घ्यावयाची त्याचे मुख्यालय बेळगावासच. पण मुलगा पाचशे किलोमीटर दूर आला. असो.

पदविकाधारकांस पहिले वर्ष माफ असते. ही माफी ऐकावयास गोड. परंतु त्या वर्षी जे गणित शिकविले जाते त्याची भरपाई कोठे तरी करावीच लागते. २०१८ च्या अभ्यासक्रमात त्याकरिता तिसऱ्या व चौथ्या सत्रांत 'अतिरिक्त गणित' नावाचे दोन विषय ठेवलेले होते. क्रेडिट शून्य; मात्र उत्तीर्ण झाल्यावाचून पदवी नाही.

प्रवेशपरीक्षेने ही उणीव आधीच दाखवावी, असे कोणास वाटेल. कर्नाटकात सी.ई.टी. १९९४ पासून आहे, आणि पदविकावाल्यांची प्रवेशपरीक्षा वेगळी. पण या परीक्षांचे काम रांग लावण्याचे. रांगेत कोण पुढे, कोण मागे, एवढेच त्या सांगतात. आत गेल्यावर कोणाचे कोठे अडेल, हे त्यांस पुसूच नये.

अडले ते असे. सकाळच्या तासाला नेहमीच्या गणितात फूरिए श्रेणी, आणि दुपारी अतिरिक्त गणितात विकलन-संकलनाचा श्रीगणेशा. पाया आणि माडी एकाच दिवशी बांधावयास घेतल्यासारखे. त्यात विषय शून्य क्रेडिटचा. आमच्या कचेरीत ज्या फायलीत रकमेचा आकडा नसतो तिला कोणी हात लावीत नाही. मुलांचेही तसेच झाले. निम्मा वर्ग त्या तासाला उपाहारगृहात असे. २०२० च्या आरंभी निकाल लागला. मेहुणा बाकी सर्व विषयांत कसाबसा तरला आणि नेमका यातच बुडाला.

सासरेबुवांचा फोन आला. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत पदविकेवर नोकरी मिळत होती. "शिक्षण आता पुरे, त्याला कामाला लावा," असे त्यांचे म्हणणे, आणि ते वावगे होते असे नव्हे. घरी आणखी एक बहीण शिकत होती. सौ. काही बोलली नाही. मुलगा मात्र म्हणाला, "दाजी, मला सूत्रे येतात हो. पण ती कशाची आहेत तेच कळत नाही."

हे वाक्य ऐकून आम्ही फोन करून सासऱ्यांकडून सहा महिने मागून घेतले.

मार्चमध्ये टाळेबंदी आली, आणि गणित घेऊन बी.एस्सी. झाल्याचा आम्हांस प्रथमच काही उपयोग झाला. संकलन शिकविताना आम्ही त्याला त्याच्याच शेताचा नकाशा काढावयास लावला. तीन बांध सरळ, चौथ्या बाजूस वाकडातिकडा ओढा. क्षेत्र कसे काढशील? तो म्हणाला, पट्ट्या पाडून. पट्ट्या अरुंद केल्या तर? चूक कमी होईल. अजून अरुंद? तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला, आणि मग, "म्हणजे तो लांबोडा एस् हा बेरजेचा आहे होय!" म्हणून ओरडला. आठव्या इयत्तेपासून या मुलाने गणितात उत्तरे दिली होती. प्रश्न त्याला त्या दिवशी भेटला. मराठीत बोलल्यामुळे हे झाले, असे आमचे मत आहे. सौ. म्हणते, शेतामुळे.

पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला, चौथ्या सत्रातलाही सुटला, आणि २०२२ साली पदवी हाती आली. तो पीण्यातच लागला, पण अभियंता म्हणून.

दरम्यान २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीस गणित किंवा पदार्थविज्ञान न घेतलेल्यांनाही अभियांत्रिकीचे दार किलकिले केले, आणि उणीव पूरक अभ्यासक्रमांनी भरून काढावी असे सुचविले. दार उघडावे, यात आम्हांस शंका नाही. पण उणीव भरावयाची तर ती आधी भरावी, वरच्या विषयाबरोबर नव्हे. आणि ज्यावाचून पदवी अडते त्यास शून्य मोल लावणे तर अगदीच विपरीत.

ओढ्याचा तो नकाशा मेहुण्याच्या वहीत आहे. वही सध्या राजाजीनगरात आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीकडे आहे. तीही पदविकेवरून दुसऱ्या वर्षास आली आहे. तिच्या घरी शेत नाही. तेव्हा तिच्यासाठी आम्ही सांकी तलावाचा काठ योजिला आहे.