पॉलिशचे पहिले यंत्र घेताना

शेतीला जोडधंदा हवा हे आता कोणी कोणाला सांगायला नको. कोणी कोंबड्या पाळतो, कोणी कलमे बांधून विकतो. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतली मुले अलीकडे आणखी एका धंद्याचे नाव काढू लागली आहेत. तो म्हणजे गाड्या आणि होड्या पॉलिश करून देण्याचा. मालवण, तारकर्ली, देवबाग या बाजूला पर्यटक येऊ लागले, तशा फायबरच्या होड्या वाढल्या आणि भाड्याच्या मोटारीही वाढल्या. ऊन आणि खारा वारा दोघांचीही चकाकी घालवतो. ती परत आणून देणाऱ्याला काम मिळते, हे खरे आहे.

मी स्वतः बरीच वर्षे मोटारींच्या रंगकामात घालवली आणि आता घरची काजूची बाग बघतो. त्यामुळे थोरल्या भावाच्या मुलाने जेव्हा काजूच्या पैशातून पॉलिशचे यंत्र घ्यायचे मनात आणले, तेव्हा तो सल्ल्याला माझ्याकडेच आला. "काका, सगळ्यांत जास्त ताकदीचे कोणते?" हा त्याचा पहिला प्रश्न. तुमच्याही घरात असा प्रश्न निघेल, म्हणून त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण घासतो काय, ते समजून घ्या. मोटारीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. चकाकी आणायची म्हणजे ह्याच थराचा अगदी किंचित भाग घासून काढायचा. फायबरच्या होडीवर जेलकोट असतो. तो साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे मोटारीच्या थराच्या दहापट जाड असतो. उन्हाने त्याची वरची बाजू खडूसारखी पांढरी पडते आणि बोट फिरवले की भुकटी हाताला लागते. ती काढायला जोर लागतो. म्हणून होडीला जे यंत्र मानवते, तेच मोटारीला जपून लावावे लागते.

यंत्रे मुख्यतः दोन जातींची. एकात पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरते, त्याला रोटरी म्हणतात. दुसऱ्यात पॅड फिरता फिरता डगमगतेही, त्याला ड्युअल अ‍ॅक्शन म्हणतात. हे दुसरे यंत्र काम हळू करते, पण एका जागी उष्णता कमी धरते आणि शिकाऊ हाताला सांभाळून घेते. रोटरी झपाट्याने काम करते, पण एका जागी थांबले की रंग तापवते, आणि हात कच्चा असेल तर उन्हात दिसणाऱ्या गोल रेघा मागे ठेवते.

मग घ्यायचे कोणते? पुतण्याला मी एक वही दिली आणि सांगितले, की आपल्या गावापासून सायकलने जाता येईल एवढ्या टापूत फायबरच्या होड्या किती, मोटारी किती, ते लिहून आण. लाकडी, तेलरंग दिलेल्या होड्या त्यात धरू नकोस. चार दिवसांनी वही आली, तेव्हा होड्या मोटारींच्या दुप्पट निघाल्या. म्हणून आम्ही रोटरीवर आलो. वहीत नुसत्या मोटारीच भरल्या असत्या, तर मी त्याला ड्युअल अ‍ॅक्शनच घ्यायला लावले असते. तुम्हीही आधी काम मोजा, मग यंत्र निवडा.

आता ताकदीविषयी. पुष्कळजण वॉट बघतात. बघायचा असतो तो सर्वांत कमी वेग. सात इंची पॅड मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागले, की त्याची कड ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने धावते. शिकाऊ हातात हा वेग नको. जे यंत्र ६०० ते ७०० फेऱ्यांपासून सुरू होते, ज्याला वेगाची चकती आहे, आणि जे बटण दाबताच झटका न देता हळूहळू वेग घेते, ते घ्यावे. दाब दिल्यावरही वेग टिकवणारे असेल तर उत्तम. सुरुवातीचे बहुतेक काम १,००० ते १,५०० फेऱ्यांतच होते.

घरात वेल्डिंगचा चार इंची ग्राइंडर असतो. त्यालाच पॅड लावू, असे पुष्कळांच्या मनात येते. पुतण्यानेही विचारले. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो आणि बहुधा त्याला वेग कमी करायची सोय नसते. त्याने रंग क्षणात जळेल आणि पॅड उडून माणसाला लागेल. तो विचार मनातून काढून टाका.

दुकानात गेल्यावर यंत्र दोन्ही हातांत धरून पाच मिनिटे उभे राहा. दोन-अडीच किलोचे वजन काउंटरवर काहीच वाटत नाही, पण होडीच्या उभ्या बाजूला धरले की खांदा बोलू लागतो. कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का ते बघा. तालुक्याला दुरुस्ती होते का, स्विच मिळतो का, ते विचारा. आसाचे आटे १४ मिलिमीटरचे असले, की पॅडच्या चकत्या सहज मिळतात.

सगळे पैसे यंत्रात घालू नका. होडीसाठी लोकरीचे पॅड, मोटारीसाठी फोमचे, जाड व बारीक कंपाऊंड, मास्किंग टेप, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क यांसाठी चांगली रक्कम बाजूला ठेवा. जेलकोटची भुकटी छातीत जाणे बरे नव्हे. आणि ओल्या वाळूत वीज चालवायची, तर अर्थिंग व ई.एल.सी.बी. हवीच. त्यावर काटकसर करू नये. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या वर काढलेल्या असतात, तेव्हा काम मिळते. पण ते कोरड्या छपराखालीच करा.

हे सगळे बोलणे वहिनी भांडी घासता घासता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, यंत्र नाही जमले तर विकता येईल. पण दुसऱ्याच्या गाडीचा रंग गेला, तर तो परत कुठून आणायचा?" एवढ्या वर्षांत मी याहून नेमका प्रश्न ऐकलेला नाही. म्हणून ठरले, की पहिला महिनाभर गिऱ्हाईक घ्यायचे नाही.

भंगारवाल्याकडून एक बॉनेट आणले आणि त्यावर पुतण्याचा हात बसवला. आधी गोड्या पाण्याने मीठ, वाळू धुऊन काढायची. वायर खांद्यावरून मागे सोडायची. दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच भाग घ्यायचा. पॅड सपाट ठेवायचे, हात सतत चालता ठेवायचा. पत्र्याच्या धारेवर थर सर्वांत पातळ असतो, तिथे टेप लावायची. प्लॅस्टिकच्या बंपरवर आणखी हलके जायचे. मधून मधून उलटा हात टेकवून बघायचे, चटका बसला तर थांबायचे. होडीवरचा नोंदणी क्रमांक टेपने झाकायचा, आणि पाय घसरू नये म्हणून खरबरीत ठेवलेल्या जागेला यंत्र लावायचेच नाही. प्रत्येक कामात आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात वीतभर करून बघायचे.

त्या बॉनेटचा रंग एका धारेवर दुसऱ्याच दिवशी पत्र्यापर्यंत गेला. पुतण्या बराच वेळ ती जागा बोटाने चाचपत राहिला. हे शिक्षण त्याला भंगाराच्या भावात मिळाले. गिऱ्हाइकाच्या दारात मिळाले असते, तर काजूचे एक पीक त्यात गेले असते आणि गावातला शब्दही गेला असता.

वाचकहो, हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, असे आपल्याकडे म्हणतात. यंत्र घेतले तरी फिरतो तो हातच. पहिले यंत्र असे घ्या, की जे तुमच्या हाताला शिकायला वेळ देईल. मोठ्या ताकदीचे यंत्र पुढे कमाईतून घेता येईल.