गढीचे नवोदय

बीडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलात की पाडळशिंगी मागे पडते आणि थोड्याच वेळात गढी येते. माजलगावचा रस्ता इथूनच फुटतो. आपण खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघतो नि पुढे निघून जातो. पण मैत्रिणींनो, एकदा इथे मुद्दाम उतरा. गेवराई तालुक्यातल्या या गावात बीड जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे.

खेड्यातल्या हुशार मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून केंद्र सरकारने ही विद्यालये काढली. पहिली दोन १९८५-८६ साली निघाली. त्यातले एक आपल्या अमरावतीचे आणि दुसरे हरियाणातल्या झज्जरचे. सहावी ते बारावी मुलांनी तिथेच राहायचे, तिथेच शिकायचे. जेवण, गणवेश, पुस्तके सगळे सरकारचे. नववीपासून काही मुलांना विकास निधी भरावा लागतो, मुलींना मात्र तोही माफ.

पालकभेटीच्या रविवारी मी शेजारच्या वहिनींबरोबर गेले होते. झाडांखाली सतरंज्या पसरलेल्या, धपाटी नि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे उघडलेले. पोरे आईला आपापल्या हाऊसच्या गमती सांगत होती: अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. एका मुलीला भेटायला तिची आजी आली होती. म्हणाली, “लेक-जावई कोयत्यावर गेलेत, कारखान्याला. मीच येते.”

बीडची घरे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातले सगळे उमगेल. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत चढते ते उन्हाळ्यातच परतते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहानगी कोपीवर सोबत जातात, त्यांची शाळा मधेच सुटते. वयात येणाऱ्या मुलीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचे? या धास्तीनेच तिचे लग्न उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ४३ हून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली.

म्हणून मला गढीच्या त्या वसतिगृहाचे मोल फार वाटते. इथे आलेली मुलगी बारावी होईपर्यंत सतरा-अठरा वर्षांची होते. आई-बाप कुठल्याही फडात असोत, तिचे अंथरूण नि तिचा वर्ग जागचा हलत नाही. पुढे कॉलेजचे दार उघडते ते वेगळेच.

पण सहावीचे हे दार एकदाच उघडते, बरं का! सहावीची प्रवेशपरीक्षा पाचवीत असतानाच द्यायची, एकदाच. दोन तासांत ८० प्रश्न: ४० बुद्धिमत्तेचे, २० गणिताचे, २० भाषेचे. मराठीतून देता येते. एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या निदान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, तर एक तृतीयांश मुलींसाठी राखीव. मूल त्याच जिल्ह्यातल्या शाळेत पाचवीत शिकत असले पाहिजे. अर्जाला पैसे पडत नाहीत, पण तो ऑनलाइन भरावा लागतो. तिथेच पुष्कळांचे अडते.

आपण शहरगावात राहणाऱ्या. आपल्या मुलांसाठी शिकवण्या आहेत, पुस्तके आहेत. पण गावाकडच्या जावेची लेक, भांडी घासायला येणाऱ्या मावशींची गावी ठेवलेली नात, यातली कुणी यंदा पाचवीत आहे का? आधी तेवढे विचारा. असेल तर आपल्या फोनवरून अर्ज भरून द्या. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा नि सुटीत तिला आठ दिवस घरी आणून रोज दोन तास सोडवायला बसवा. आणि तिच्या आईला एवढे जरूर सांगा, की पोर दहाव्या वर्षी दूर जाईल तेव्हा जीव तुटेलच, पण कोपीत राहून तुटायचा तो जास्त तुटेल.