आपली आपण उलगडणारी फाइल

धडगावच्या पुढे सातपुड्यात शिरले की मोबाइलची रेंज जागोजागी तुटते. नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर तर होडीनेच जावे लागते. तिथल्या शाळेच्या संगणकावर पुस्तके, पावरी भाषेतल्या गोष्टींची ध्वनिमुद्रणे, एखादा छोटा प्रोग्राम पोचवायचा तर पेनड्राइव्हच हवा. तो नेणारा बहुधा शहाद्याला कामासाठी आलेला कोणी शिक्षक असतो. उघडायला काय लागते हे विचारायला तिकडून फोन लागेलच असे नाही. म्हणून उघडण्याची सोय त्या फाइलच्या पोटातच असावी, असा माझा आग्रह असतो.

लिनक्सवर हे फार थोडक्यात होते. फोल्डर टारने एकत्र करायचा, जीझिपने दाबायचा आणि त्याच्या डोक्यावर लहानशी शेल स्क्रिप्ट जोडायची. स्क्रिप्ट आपल्याच फाइलमधली खुणेची ओळ ऑकने शोधते आणि टेलने त्याखालचा सगळा भाग टारच्या हवाली करते. खुणेच्या वरच्या ओळीत ‘एक्झिट’ लिहिलेले असते. शेल एकेक आज्ञा वाचून पाळत पुढे जाते. एक्झिट आले की थांबते. खालच्या बायनरी भागाशी त्याची गाठच पडत नाही. या रचनेवर माझा जीव आहे.

कल्पना जुनी आहे. 1980च्या दशकात यूजनेटवर सोर्स कोड ‘शार’ म्हणजे स्वतः उलगडणाऱ्या शेल स्क्रिप्टच्या रूपात फिरत असे, निव्वळ मजकूर म्हणून. ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या ओळीत मेल यंत्रणा स्वतःचे चिन्ह घुसडायच्या. त्यावर उपाय म्हणून ओळींच्या आधी एक्स हे अक्षर लावत. उलगडताना सेड ते काढून टाकी. आज अशी स्वतः उलगडणारी फाइल बनवण्याचे काम मेकसेल्फ हे साधन करते. व्हर्च्युअलबॉक्सचा लिनक्ससाठीचा ‘डॉट रन’ इन्स्टॉलर त्यावरच बांधलेला आहे.

मी मात्र वरची स्क्रिप्ट हाताने लिहितो. फॅट32च्या पेनड्राइव्हवर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत, त्यामुळे ‘एसएच, जागा सोडून फाइलचे नाव’ एवढी आज्ञा कागदावर लिहून सोबत देतो. फाइल चार जीबीच्या आत ठेवतो. पेनड्राइव्ह घाईने ओढून काढला की फाइल अर्धवट उतरते. ते कळावे म्हणून खालच्या भागाचा शा-256 आकडा स्क्रिप्टमध्ये असतो. तो जुळला नाही तर ‘फाइल अपुरी आहे, पुन्हा कॉपी करा’ असा मराठी संदेश येतो आणि काहीच उलगडले जात नाही. अर्थात हा आकडा बिघाड पकडतो, लबाडी नाही. फाइल बदलणारा माणूस आकडाही बदलू शकतो.

म्हणूनच स्क्रिप्टचा वाचनीयपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोणाची तरी स्क्रिप्ट चालवायची म्हणजे आपला संगणक त्याच्या हाती द्यायचा. मग काय करणार ते त्याने आधी सांगायला नको का? माझ्या प्रत्येक आज्ञेच्या वर मराठी टीप असते. ‘हेड’ने पहिल्या ओळी पाहिल्या की सगळे समजते. प्रशासकाचे अधिकार मागणारे सुडो कुठेही नाही. सामान नव्या फोल्डरमध्येच उतरते, जुन्या फाइलवर काही लिहिले जात नाही. फक्त यादी पाहण्याचीही सोय ठेवलेली असते.

एका शिक्षकांनी त्या टिपा वाचल्या आणि प्रत्येक इयत्तेचा फोल्डर वेगळा होईल अशी एक ओळ कागदावर लिहून पाठवली. आता प्रत्येक फाइलमध्ये मी ती घालतो.