पैनगंगेकाठचे आबाजी

यवतमाळहून नांदेडच्या रस्त्याला लागले की आधी आर्णी येते, मग महागाव आणि त्यानंतर उमरखेड. दोन्ही अंगांना काळी जमीन, कपाशी, तूर आणि अलीकडे सोयाबीन. उमरखेडहून ढाणकीवरून बिटरगावकडे वळले की हळूहळू शेते विरळ होतात आणि सागाचे रान सुरू होते. या मुलखाला आमच्याकडे 'बंदी भाग' म्हणतात. आंध, गोंड, बंजारा, मराठा, सगळ्या समाजांची माणसे इथे शेजाराने राहतात. खाली पैनगंगा वाहते. नदीच्या पलीकडे नांदेड जिल्हा. रानाचा मोठा भाग आता पैनगंगा अभयारण्यात आहे.

हा मुलूख मी पुस्तकातून शिकलो नाही. आधी आजोबांच्या खांद्यावर बसून आणि पुढे त्यांच्या मागे मागे चालून शिकलो. आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू.

आबाजींच्या जन्माची नोंद कुठे नव्हती. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या रानात सरकारी मनाई मोडून गवत कापले, तेव्हा आपण पाळण्यात होतो एवढे ते सांगत. पुढे हसून म्हणत, "म्हनून मले गवतात लोळ्याची सवय हाये!"

नऊ एकर कोरडवाहू रान, एक बैलजोडी आणि सात नातवंडे एवढा त्यांचा संसार. पहाटे चारला उठून ते बैलांपुढे कुटार टाकीत. उजाडण्याआधी वखर जुंपलेला असे. पऱ्हाटीत डवऱ्याचे तास इतके सरळ, की शेजारचे लोक बांधावर थांबून पाहत. मृग बरसला की घरात बसलेले आबाजी कुणी पाहिले नाहीत. पण त्यांच्या कामात चेष्टेला कधी तोटा नव्हता. निंदणाला आलेल्या बाया त्यांच्याशी भांडायच्या, खदखदून हसायच्या आणि त्या नादात दिवस मावळायच्या आत पात पुरी व्हायची.

मार्च-एप्रिलात मोह गळू लागला की आबाजी आम्हा पोरांना घेऊन रानात निघत. मोहाची फुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. ऊन चढले की सुकू लागतात. म्हणून लवकर जावे लागते. पण मोह जसा माणसाला आवडतो तसा अस्वलालाही आवडतो, आणि अस्वलाला नीट दिसत नाही. माणूस अचानक समोर आला की ते घाबरून अंगावर येते. यावर आबाजींचा उपाय असा, की पुरते फटफटल्याशिवाय झाडाखाली जायचे नाही आणि वाटेने मोठमोठ्याने बोलत, गात जायचे. त्यांचा आवाज अगदी फाटका. आम्ही पोटे धरून हसत असू. त्या हसण्यानेच अस्वलाला आमची चाहूल लागे आणि ते आपल्या वाटेने निघून जाई, हे आम्हाला मोठेपणी उमगले. वेचून झाल्यावर थोडी फुले ते झाडाखाली मुद्दाम ठेवीत. हरणांचाही वाटा असतो म्हणत.

तरुणपणी ते फासे लावून ससे धरीत. १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. गावात ती बातमी पोचली तेव्हा त्यांनी फासे चुलीत घातले. कायद्याचे भय होतेच, पण ससेही कमी झाले आहेत हे त्यांना आधीच दिसले होते. नंतर रानात जायचे ते फक्त पाहायला. कुठल्या वाळूत मोराची पावले, कुठल्या सागाला अस्वलाची नखे, कुठे रोह्यांचा कळप पाण्यावर येतो, हे सारे आम्हाला दाखवीत.

पावसाळा सरला की एकदा तरी सहस्रकुंडाची वारी ठरलेली. ढाणकी-बिटरगावकडची मंडळी अलीकडून येतात आणि इस्लापूरकडची पलीकडून. मधे काळ्याभोर खडकावरून पैनगंगा कोसळते. दुरूनच तिचा आवाज कानी पडतो. आबाजी आम्हाला ओळीने बसवीत, भाकर-ठेचा वाटीत आणि बजावीत, "पान्याले पाठ दाखवू नोका पोट्टेहो." ओल्या खडकावर एकाही पोराला ते पाऊल टाकू देत नसत. मौज करायची ती अंतर राखून. एवढी शिस्त त्यांनी कधी मोडली नाही.

मात्र त्यांची खरी ओळख मला पटली ती गळ टाकताना. ते मरळ धरायला डोहावर जात. पण एकटे क्वचितच जात. ज्याच्या घरी काही बिनसले असेल त्याला मुद्दाम सोबत घेत. एका वर्षी आमच्या शेजाऱ्याची पऱ्हाटी बोंडअळीने गेली. तो घराबाहेर पडेना, कुणाशी बोलेना. आबाजी दोन काठ्या घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. "उठ गड्या, आज तुह्या हाताले मासा लागते." तो नाही म्हणाला, तरी हे ओसरीवरून हलले नाहीत. शेवटी दोघे गेले. मीही मागून गेलो. दिवसभरात एक मासा लागला नाही. दुपारनंतर शेजारी बोलू लागला. सावकाराचे किती, सोसायटीचे किती, मुलीचे लग्न कसे अडले, सगळे बोलला. आबाजी फक्त "हं, हं" करीत होते. संध्याकाळी परतताना ते मला म्हणाले, "मासा नाही लागला तरी चालते. मानूस बोलला पाह्यजे."

कापसाच्या गाड्या केंद्रावर नेल्या की कधी रांगेत रात्र काढावी लागे. तिथेही आबाजी शेकोटी पेटवून पोळ्याच्या झडत्या म्हणायला लागत. कुणाची टवाळी, कुणाच्या बैलाची स्तुती, भावाची थट्टा. थंडीत कुडकुडणारे गाडीवान शेकोटीभोवती गोळा होत. शंकरपटाचा तर त्यांना भारी नाद. बैल धावताना पाहिले की म्हातारपण विसरून ओरडत. आपल्या बैलाला मात्र त्यांनी कधी तुतारी टोचली नाही.

आर्णी ओलांडून उमरखेडकडे जाताना महागाव तालुका लागतो. याच तालुक्यात चिलगव्हाण हे गाव आहे. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह जीवन संपविले. दरवर्षी १९ मार्चला त्यांच्या स्मरणार्थ लोक अन्नत्याग करतात. त्यानंतर आमच्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात येत राहिले ते अशाच बातम्यांत. मौजेने राहिले की माणूस वाचतो असे मी म्हणणार नाही. करपे स्वतः भजनात रमणारे, गावात मान असलेले गृहस्थ होते असे सांगतात. हसण्याने कर्ज फिटत नाही. त्याला भाव लागतो, पाणी लागते, वेळेवर पैसा लागतो. आबाजींनाही हे ठाऊक होते. तेही कर्जातच जगले. पण आपल्या वाटेत येणारा माणूस एकटा बसू नये, एवढे त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी जन्मभर केले. त्यांची चेष्टा म्हणजे विचारपूस होती.

त्या शेजाऱ्याने पुढे दोन वर्षांनी मुलीचे लग्न केले. अर्धी रक्कम भावकीने उभी केली. भावकीला गोळा करण्याचे काम आबाजींनी केले, तेही डोहावर नेऊनच!

नातवंडांवर त्यांचा जीव किती होता ते तान्ह्या पोळ्याला दिसे. मोठा पोळा बैलांचा. खांदशेकणी, झूल, बेगड, तोरणाखाली उभ्या जोड्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा पोरांचा. लाकडी बैलाला चाके लावून, दोरी बांधून घरोघर न्यायचा आणि बोजारा मागायचा. आबाजी श्रावणाच्या झडीत ओसरीवर बसून सातही नातवंडांचे बैल स्वतः कोरीत. प्रत्येकाच्या बैलाची शिंगे वेगळी. मुलींना बैल कशाला, असे कुणी म्हटले की ते म्हणत, "पोट्टी काय जेवत नाही? मंग बैल तिचाबी हाये." माझ्या बहिणीचा बैल सगळ्यांत मोठा असे.

२००९च्या पावसाळ्यात आबाजी गेले. आदल्या आठवड्यापर्यंत बांधावर फिरत होते. त्यांना पोचवायला नदीपलीकडची माणसेही आली. त्यांत कुणाला त्यांनी पोहायला शिकवले होते, कुणाच्या शेतात रानडुकरांसाठी जागल केली होती, आणि कितीतरी जण त्यांच्यासोबत डोहावर बसलेले होते.

आता आमच्याकडे बैलजोड्या कमी झाल्या. वखरणी ट्रॅक्टरने होते. पोरे शिकायला बाहेर राहतात. सुटीत आली तरी मोबाईलवर मान घालून बसतात. त्यांना रागावून उपयोग नाही, कारण त्यांना रानात नेणारे कोण उरले? माझ्या बहिणीने मात्र एक पक्के ठरवले आहे. ती पोळ्याला माहेरी येते, आपला तो जुना बैल काढते आणि मुलांना घेऊन सगळ्या आळीत फिरते. ज्या घरी यंदा नुकसान झाले असेल त्या घरी सगळ्यांत आधी जाते. पोरे बोजारा मागतात, घरची माणसे उठून दारात येतात, आणि चहा होईपर्यंत चार शब्द बोलले जातात.

तुमच्याही गावात असे एखादे घर असेल. येत्या पोळ्याला नातवंडांचे बोट धरून तिकडे आधी जा.